मधमाश्यांची सोळा पानं

प्रिय पोरी,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. माझे गुडघे होते तिथेच आहेत आणि होते तसेच कुरकुरतायत. फोन सोडून पत्र का, तर फोनवर मी बोलायला लागले की कुणीतरी मधेच 'आई, थोडक्यात सांग' म्हणतं, आणि मला आज थोडक्यात सांगायचं नाहीये. 'प्रिय सूनबाई' असं लिहिणार होते, पण तो शब्द कागदावर आला की मला उगाच सावरून बसावंसं वाटतं. म्हणून पोरी म्हणते. चालवून घे.

तरी मुख्य गोष्ट आधी सांगून टाकते, म्हणजे वाचताना तुझा जीव टांगणीला लागायला नको. येत्या रविवारी तुझा नवरा त्या हार्डवेअरवाल्याला घेऊन इथे येणार आहे, ही जागा विकायच्या सह्या करायला. मी सही करणार नाही. जागा माझ्या नावावर आहे, ती माझ्याच नावावर राहील. रस्त्यावर उघडणारी पुढची बाइंडिंगची खोली, मागचं स्वयंपाकघर, मधली खाटेपुरती खोली, सगळं. तुमच्या अकराव्या मजल्यावर मी राहायला येणार नाही. हे चिडून लिहीत नाही. चिडले होते मंगळवारी. आज शुक्रवार आहे, दुपार आहे, चहा झालाय, आणि मी तुझ्या सासऱ्यांच्या टेबलाशी बसून अगदी थंड डोक्याने लिहितेय.

मंगळवारी तो हार्डवेअरवाला जागा बघायला आला होता. माणूस वाईट नाही. बूट बाहेर काढले, नमस्कार केला, आणि मग डॉक्टर छाती ठोकून बघतात तशा भिंती ठोकून बघायला लागला. इथे शटर बसेल, इथे पाइप उभे राहतील, इथे रंगाचे डबे. मी टेबलाशी होते. आपल्या गल्लीतल्या टेलरमास्तरांच्या बायकोच्या शब्दकोशाचा कणा निखळला होता, त्याला खळ लावून झाली होती आणि हात माखलेले होते. तो माझ्यापाशी येऊन म्हणाला, 'आजी, ही रद्दी कधी हलवताय?' मी पुस्तक त्याच्या हातात दिलं. म्हटलं, 'जरा धरा हे. दोन्ही अंगठे कण्यावर. सोडू नका हं, वाकडं वाळेल.' बिचाऱ्याने धरलं. तुझा नवरा म्हणाला, 'आई, अगं ते मापं घ्यायला आलेत.' मी म्हटलं, 'घेतील की. वाळू दे आधी.' माप घ्यायची टेप त्याच्या खिशात आणि दोन्ही हात शब्दकोशात! मी आत जाऊन निवांत चहा केला. बाहेर येते तो हा अजून तसाच उभा, आणि मान वाकडी करून समोरचं पान वाचतोय. मला विचारतो, 'आजी, हा शब्द तर आमची आजी वापरायची. पुस्तकात असतो होय?' मी म्हटलं, 'पुस्तकात नाही तर कुठे असणार, पाइपात?' तो हसला. तुझा नवरा हसला नाही. त्याने पुस्तक काढून घेऊन टेबलावर टाकलं. तो कणा आता डावीकडे कलून वाळलाय, आणि मला तो पुन्हा सोडवून करावा लागणार आहे. तेही चाललं असतं. पण जाता जाता तुझा नवरा पुस्तकं दाबायच्या शिकंज्यावर हात ठेवून म्हणाला, 'हे धूड भंगारात बरं जाईल.' तुझ्या सासऱ्यांचा शिकंजा. ज्याच्या चाकाला त्यांच्या हातांनी चकाकी आलीय, तो. मी चिडले ती तिथे.

तुझ्या नवऱ्याची बाजू मला कळत नाही असं समजू नकोस. मी त्याला जन्म दिलाय, त्याची बाजू मला त्याच्यापेक्षा जास्त कळते. शाळेत त्याला पोरं 'चिकट्या' म्हणायची. वह्यांना, बोटांना, केसांना खळ लागलेली असायची, आणि खळीत आम्ही कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतो, त्याने नखं निळसर दिसायची. एकदा एका पोराने वर्गात सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर कागद लावला आणि तो खरंच चिकटला. घरी येऊन तो रडला नाही. नळाखाली हात धरून घासत बसला, कातडी लाल होईपर्यंत. मग शिकला, मोठी नोकरी मिळवली, आणि एक घर घेतलं जिथे कशालाच काही चिकटत नाही. वडील गेल्यावर सगळं त्यानेच केलं. मी न्हाणीघरात घसरले तेव्हा ऑफिस टाकून धावत आला, बुटांसकट न्हाणीघरात शिरला आणि त्याने मला उचललं. तो मला मनापासून सुखात ठेवू पाहतो. फक्त सुख म्हणजे काय ते त्याने एकट्याने ठरवून टाकलंय, आणि त्यात आपल्या दोघींना कुठे कुठे ठेवायचं तेही.

आता तुला एक गंमत सांगते. ही मी तुझ्या नवऱ्यालाही धड सांगितलेली नाही. मी वाचायला कशी शिकले, ते. लग्न होऊन इथे आले तेव्हा मला अक्षरं यायची, पण ती एकमेकांना जोडून त्यातून अर्थ काढायचा म्हणजे दाणे निवडल्यासारखं व्हायचं. घरात काम होतं घड्या घालायचं. छापखान्यातून मोठाले कागद यायचे. एका कागदावर सोळा पानं, काही सुलटी, काही उलटी. त्याच्या बरोब्बर घड्या घातल्या की सोळा पानांची एक गड्डी होते, तिला आम्ही फर्मा म्हणतो. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक. घडी नीट बसलीय का ते बघायला पानांचे आकडे जुळवायचे, आणि आकडा बघताना नजर शेजारच्या ओळीवर जायचीच. आधी एक शब्द, मग एक ओळ. तुझे सासरे कुणाला शिकवायला बसणाऱ्यातले नव्हते. पण माझा हात थांबलेला दिसला की ओरडायचे नाहीत. उठून स्वतः चहा करायला जायचे. चहा इतका वाईट करायचे की विचारू नकोस, पण तेवढ्या वेळात माझं एक पान व्हायचं.

खराब झालेली, विकता न येणारी पुस्तकं घरात राहायची. मी त्यांतूनच वाचायला लागले. कशाला पहिला फर्मा नाही, कशाला शेवटचा नाही. गोष्ट मधूनच सुरू व्हायची आणि ऐन रंगात यायची तेव्हा संपायची. मला वाटायचं, पुस्तकं अशीच असतात. तर त्यात एक कादंबरी होती. एक बाई असते, नवरा नुकताच गेलेला. मोठं घर, दीर, भाऊ, सगळे मिळून तिचं पुढे काय करायचं ते तिच्यासमोर बसून ठरवत असतात. दारात गाडी येऊन उभी. दीर म्हणतो, 'चला, आवरलं ना?' आणि पानाच्या अगदी तळाशी असं वाक्य, 'तिने मान वर केली आणि'. मी घाईघाईने शेजारच्या पानावर गेले. वर लिहिलेलं, 'पेटीचे झाकण उघडण्यापूर्वी धुराचा हलका झोत सोडावा व क्षणभर थांबावे.'

मग सोळा पानं मधमाश्या. पेटी सावलीत कशी ठेवायची, राणीमाशी कशी ओळखायची, पोळं हातात कसं धरायचं, घाईने हालचाल का करायची नाही. आणि त्यानंतरच्या पानावर पुन्हा ती बाई. संध्याकाळ झालीय, ती घराच्या पायरीवर बसलीय आणि तिच्या चेहऱ्यावर मोठी शांतता आहे. झालं होतं असं की दोन पुस्तकं एकाच वेळी बाइंडिंगला आली होती. एक ही कादंबरी, दुसरं मधमाशीपालनाचं. कागद सारखा, माप सारखं. गठ्ठ्यातला एक सातवा फर्मा इकडचा तिकडे गेला. आकडेही बरोबर, सत्त्याण्णवपासून एकशेबारापर्यंत, म्हणून शिवताना कुणाच्या लक्षात आलं नाही. पण हे मला काय ठाऊक! मला वाटलं, वा! काय हुशार लेखक आहे. त्या बाईने काय उत्तर दिलं ते सांगतच बसला नाही. थेट तिने काय केलं ते सांगितलं. तिने गाडी परत पाठवली आणि मधमाश्या पाळल्या. त्याशिवाय का चेहऱ्यावर एवढी शांतता येते? मी ही गोष्ट गल्लीतल्या सगळ्या बायकांना सांगितली. नळावर, जिन्यात, घड्या घालताना. 'मग तिने काय केलं?' असं कुणी विचारलं की मी ऐटीत सांगायची, 'काय करणार? मधमाश्या!' तुझे सासरे पलीकडे बसून ऐकत असायचे. त्यांना सगळं ठाऊक होतं. एका शब्दाने बोलले नाहीत.

पुढे बऱ्याच वर्षांनी ती कादंबरी पुन्हा छापली गेली, पुन्हा आमच्याकडेच आली. घड्या घालता घालता सातवा फर्मा माझ्या हातात आला. उभ्या उभ्या वाचला. 'तिने मान वर केली आणि', पुढे, 'म्हणाली, जशी तुमची इच्छा.' मग ती किल्ल्या काढून देते, गाडीत बसते, दिराच्या घरी जाते. तिथे सगळे तिला चांगलं वागवतात. तिला काही करावं लागत नाही. ती खिडकीशी बसते. सोळा पानांत दहा वर्षं जातात. आणि ती शेवटची शांतता, तीसुद्धा त्या दिराच्याच पायरीवरची. मी ते कागद टेबलावर आपटले. तुझे सासरे म्हणाले, 'काय झालं?' मी म्हटलं, 'या बाईला काय झालं? हिला तोंड नव्हतं?' तेव्हा पहिल्यांदा ते हसले, इतके की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, 'तुझ्या प्रतीत बदलून देऊ का? काही वेळ लागत नाही.' मी म्हटलं, 'हात लावाल तर याद राखा.' माझ्या कपाटात अजून तीच प्रत आहे, मधमाश्यांची. तुला एकदा वाचायला देईन. खरी कोणती ते मला विचारू नकोस. मला जी पटते ती मी ठेवलीय.

तुझे सासरे गेल्यावर मी तुमच्याकडे दोन महिने राहिले. तू माझं किती केलंस ते मी विसरणार नाही. माझ्या उशाशी पाण्याचं भांडं, मोजे, औषधाच्या वेळा, सगळं. पण बघायचं ते मी बघत होते. तुमच्याकडे ते पांढरं शेल्फ आहे, त्यात काचेचे गोळे आणि एका उंचीची आठ पुस्तकं. एक काढायला गेले तर तुझा नवरा म्हणाला, 'आई, ती सेटमधली आहेत, हलली की ओळ बिघडते.' आणि तुझं पुस्तक कुठे होतं? इस्त्रीच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात, त्याच्या शर्टांच्या खाली. दुपारी तू ते काढून पलंगाच्या काठावर टेकून वाचायचीस. नीट बसूनसुद्धा नाही, टेकून, जसं काही कुणी हाक मारणारच आहे. आणि लिफ्टचा आवाज आला की पुस्तक शर्टांखाली आणि तू स्वयंपाकघरात. लिफ्ट कुणाचीही असो. वरच्या मजल्यावरच्या कुत्र्याची असो. एकदा तो लवकर आला आणि तू वाचताना दिसलीस. तो रागावला नाही, आवाज चढवला नाही. चपला काढता काढता नुसतं म्हणाला, 'वेळ आहे वाटतं.' एवढंच. मी आतल्या खोलीत होते. मला ते वाक्य कानशिलात बसावं तसं लागलं. हे त्याने आमच्या घरात ऐकलेलं नाही. आमच्या घरात बाई वाचत असली की चहा वाईट मिळायचा, टोमणा नाही.

आणि मग काही आठवड्यांनी मी वर्तमानपत्र उघडून बसले होते, लिफ्ट वाजली, आणि माझ्याच हाताने त्याची घडी झाली. माझ्या! मी ती घडी बघत बसले. आयुष्यभर घड्या घातल्या, पण अशी कधी घातली नव्हती.

त्याच आठवड्यात आपल्या गल्लीतल्या नर्सबाईंचा फोन आला होता, आठवतं का? त्यांच्या आईचं जुनं पुस्तक दुरुस्तीला दिलेलं, ते कुठे असेल म्हणून. कुठे असणार? शिकंज्यात. ज्या सकाळी हे गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांनी ते दाबून ठेवलं होतं आणि त्यानंतर त्या चाकाला कुणी हात लावलेला नव्हता. मी नर्सबाईंचं निमित्त केलं आणि इकडे आले. कुलूप उघडलं. खोलीत कोंदट वास, टेबलावर त्यांचा चष्मा, खळीच्या भांड्यात सुकून तडकलेली खपली. मी शिकंज्याचं चाक फिरवायला गेले तर हलेना. त्यांनी आवळलेलं होतं ना. दोन्ही हात लावले, अंगाचा सगळा भार टाकला तेव्हा कुठे सुटलं. त्यांचा जोर तेवढाच काय तो घरात उरला होता, तोही मी माझ्या हातांनी सोडवला. खूप वेळ तिथेच जमिनीवर बसून होते. पुस्तक मात्र सुरेख झालं होतं गं. कडा बघ, कोपरे बघ, पान उघडलं तर अलगद पडायचं. फक्त पाठीवर कापड चढवायचं राहिलं होतं. ते मी चढवलं. नर्सबाई न्यायला आल्या तेव्हा त्या पुस्तक हातात धरून म्हणाल्या, 'काकू, मला शिकवाल का हे?' मी म्हटलं, 'मला तरी कुठे येतंय? या, दोघी मिळून बिघडवू.'

शनिवारची बैठक सुरू झाली ती अशी. त्या आल्या, मग टेलरमास्तर आले, सुई धरायचा त्यांना भलता गर्व, आणि पहिल्याच दिवशी वही उलटी शिवली. मग त्यांची बायको आली, नवऱ्याची उलटी वही बघायला, आणि राहिलीच. आम्ही फार मोठं काही करत नाही. एका बाजूने कोरे राहिलेले कागद जमवतो, घड्या घालतो, पाच भोकं पाडतो, दोरा ओवून वही शिवतो. जुन्या खोक्यांच्या पुठ्ठ्याला उरलेलं कापड चिकटवून कव्हरं करतो. फाटलेल्या पानांना पातळ कागदाची पट्टी लावतो. आणि हात चालू असताना कुणीतरी एक जण मोठ्याने वाचतं. टेलरमास्तर वाचायला लागले की सगळी पात्रं एकाच आवाजात भांडतात. मागच्या शनिवारी गोष्टीतली म्हातारी मेली तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, 'हिला वेळेवर सलाइन लावलं असतं तर वाचली असती.' आम्ही खळ सांडेपर्यंत हसलो. तुझ्या सासऱ्यांना जाऊन वर्ष होत आलं. सकाळी उठल्यावर ते नाहीत हे मला रोज नव्याने आठवतं, आणि ते तसंच राहणार आहे, मी त्याच्याशी भांडत नाही. पण टेबलाशी बसले की निदान काय करायचं ते हाताला ठाऊक असतं.

काल मी तुझ्या नवऱ्याला फोन केला. मंगळवारी इथूनच दौऱ्यावर गेला तो अजून तिकडेच आहे. म्हटलं, रविवारी यायचं तर ये, जेवायला ये, पण त्या माणसाला आणू नकोस. तो म्हणाला, 'आई, तूच हो म्हणाली होतीस.' मी म्हटलं, 'म्हणाले होते. आता नाही म्हणतेय.' म्हणाला, 'लोक काय म्हणतील, मुलगा असून आई एकटी राहते?' मी म्हटलं, 'लोकांना शनिवारी पाठव, वही शिवायला लावते.' मग तो दुखावला. म्हणाला, 'तिकडे तुला काय कमी पडणार होतं ते तरी सांग.' खरं विचारलं त्याने, टोमणा नव्हता. मी म्हटलं, 'तुझ्या घरात मला वाचताना लपावं लागतं.' तो म्हणाला, 'मी कधी अडवलं तुला?' मी म्हटलं, 'नाही अडवलंस. फक्त वेळ आहे वाटतं, म्हणालास.' त्याने फोन ठेवला. ठेवू दे. विचार करायला लागेल, माझाच मुलगा आहे. पडले तर काय, याचीही सोय केलीय. नर्सबाईंकडे किल्ली दिलीय, न्हाणीघरात धरायला दांडी बसवून घेतलीय. हार्डवेअरवाल्याच्याच दुकानातून.

आता या सगळ्याच्या मुळाशी जे आहे ते लिहिते. मी हो म्हणाले होते, हे खरं आहे. घसरून पडल्यावर मी घाबरले होते. पुस्तकं खोक्यांत भरायला घेतली होती, अर्धी भरलीसुद्धा होती. आणि एक दिवस तुझा फोन आला. मागे जिन्यात बोलल्यासारखा घुमणारा आवाज होता. तू विचारलंस, 'आई, बऱ्या आहात ना?' मग म्हणालीस, 'आई, तुम्ही इकडे राहायला नका येऊ,' आणि फोन ठेवून दिलास. त्यानंतर तू मला एकदाही फोन केला नाहीस, आणि मी केला तर तुझ्या आवाजात नुसती भीती. सासूला घरी येऊ नका म्हणाले, असं तुझ्या मनाने घेतलंय ना? मला पहिल्या क्षणी लागलं, नाही कशाला म्हणू? पण मग तो घुमणारा आवाज आठवला. जी बाई एक वाक्य बोलायला घराबाहेर जिन्यात येऊन उभी राहते, ती मला हाकलत नव्हती. त्याच संध्याकाळी मी खोकी रिकामी करायला घेतली, तुझ्या नवऱ्याला सांगायचं तेवढं कालपर्यंत राहिलं. म्हणून हे पत्र. मला हट्टी म्हणतील, त्यांना म्हणू दे, पण हा हट्ट मला तू दिलास, आणि तो तुझ्याकडे का नसावा ते मला कळत नाही. इथल्या शाळेच्या वाचनालयाने आपली फाटकी पुस्तकं दुरुस्तीला द्यायचं कबूल केलंय, भरपूर आहेत. शिवण्याआधी प्रत्येकाची पानं वाचत क्रम लावायला माझ्याजवळ नीट वाचणारं माणूस हवंय. मोबदला वाटून घेऊ. हे मी अजून कुणाशी बोललेले नाही, तुझ्या नवऱ्याशी तर नाहीच. तुला न विचारता तुझ्यासाठी ठरवणारं एक माणूस तुमच्या घरात आहे, तेवढं पुरे. तुझ्या फोनचंही मी त्याला सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. नको वाटलं तर नको म्हण. मला वाईट वाटेल, आणि मी पुन्हा विचारेन. पण यायचं ठरवलंस तर 'आईंना मदत लागते' असं घरी सांगून येऊ नकोस. मला मदत नकोय. 'मला जायचंय' असं सांग. पहिल्यांदा म्हणताना आवाज कापेल. कापू दे, तरी म्हण.

तुझीच, आणि त्याच्याही आधी तुझी,
आई